ठकूबाईचा धूर

त्या वर्षी उंबरवणीच्या खोऱ्यातल्या नऊ वायनऱ्यांना एकाच बाईने धूर लावला, असं यंत्राचं म्हणणं होतं. बाईचं नाव ठकूबाई गावित, वय अडुसष्ट, राहणार साजरीच्या डोंगरातला वरचा पाडा, जमीन दीड एकर उतार. एवढ्याशा उतारावरून एकट्या बाईने अकरा किलोमीटरचं खोरं कसं धुपवलं, हा प्रश्न खरं तर कोणालाही पडायला हवा होता. पण यंत्राने एकदा नाव घेतलं की माणसांना प्रश्न पडायचे थांबतात, आणि उंबरवणीची माणसं काही जगावेगळी नव्हती.

हेमलता भोयेला मात्र हे नाव परकं नव्हतं, कारण ठकूबाई तिची फुई होती. फुई म्हणजे बापाची बहीण. आई गेली तेव्हा हेमा चार वर्षांची होती. तिला न्हाऊ-माखू घालण्यापासून शिकायला नाशिकला पाठवण्यापर्यंत सगळं फुईने केलं. आता चौतिसाव्या वर्षी हेमा थेटे वायनरीत गंधपरीक्षक होती. वाइन हुंगून, चाखून तिच्यात काय बरं आणि काय वाईट ते सांगायचं, हे तिचं काम. असा परवाना मिळवणारी ती पाड्यावरची पहिली मुलगी होती, आणि फुई हे दर बाजाराला कोणाला ना कोणाला ऐकवत असे.

त्या सकाळी तिने सहा नंबरच्या टाकीतली वाइन काढली, चार थेंब यंत्राच्या वाटीत सोडले आणि पडद्यावर अक्षरं उमटली: "धूर आढळला. स्रोत: ठकूबाई गावित, पट्टा क्रमांक ४७. ठपका तिसरा."

आदल्या आठ दिवसांत दुसऱ्या दोन वायनऱ्यांतल्या वाइनवरून दोन ठपके पडल्याचं तिच्या कानावर होतं, पण ते कोणावर, हे मंडळाने जाहीर केलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत ठपके नऊ झाले. नियमाला तीन पुरेसे होते. तीन ठपके पडले की 'धूरमुक्त द्राक्षखोरे मंडळ' तो वनपट्टा तीन वर्षं गोठवणार. म्हणजे तीन वर्षं त्यात नांगर नाही, बी नाही, पाऊलही नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईला तीन वर्षं म्हणजे काय, हे नियम लिहिणाऱ्याने मोजलं नसावं.

यंत्राचं कागदोपत्री नाव गंधवेध. वायनरीतले कामगार त्याला नाकाड्या म्हणत. दिसायला ते शिलाई मशीनच्या खोक्याएवढं होतं, पण आत मोठी करामत होती. रेशमाच्या पतंगाला मैलभर लांबून मादीचा वास कळतो, तो त्याच्या मिशांवरच्या काही प्रथिनांमुळे. तशी चारशे प्रकारची प्रथिनं एका चकतीवर बसवली होती. वासाचा एखादा कण प्रथिनाला चिकटला की बारीकशी वीज सळसळे, आणि चारशे ठिकाणच्या त्या सळसळीवरून यंत्र वास ओळखे.

आणि वाइनमधला धूर ओळखणं हे खरंच माणसाच्या आवाक्याबाहेरचं काम होतं. लाकडाला टणकपणा देणारा लिग्निन नावाचा पदार्थ जळला की त्याचे तुकडे होतात. ते तुकडे धुरातून उडतात आणि पिकत्या द्राक्षाच्या सालीत मुरतात. द्राक्ष मोठं हुशार. ते या आगंतुकांना साखरेच्या रेणूला बांधून ठेवतं. बांधलेल्या धुराला वास नसतो. म्हणून धूर लागलेलं द्राक्ष खाताना काही कळत नाही. पुढे वाइन आंबताना काही गाठी सुटतात आणि उरलेल्या सुटतात पिणाऱ्याच्या तोंडात, लाळेने. घोट गिळल्यावर अर्ध्या मिनिटाने जिभेवर विझलेल्या चुलीची चव येते. ती कोणाला येते, कोणाला येत नाही, कारण प्रत्येकाची लाळ निराळी. परदेशातल्या गिऱ्हाइकांना नेमकी ती येऊ लागली, तेव्हा खोऱ्याने हे यंत्र आणलं.

पहिली तीन वर्षं नाकाड्या फक्त धूर आहे की नाही एवढंच सांगे. या हंगामात त्याला नवी विद्या दिली होती. झाडागणिक, मातीगणिक धुरातल्या तुकड्यांचं प्रमाण बदलतं, म्हणून आता ते धुराचा मालकही सांगणार होतं. खोऱ्यात याचं फार कौतुक झालं. धूर कुठून येतो हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं, फक्त पुरावा हवा होता. वर डोंगरात पाड्यावरचे लोक पेरणीआधी शेतात पाला जाळून राब भाजतात, तिथूनच येणार. दुसरीकडून कशाला येईल?

हेमाने दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बॅटरीच्या जीपने ती पाड्यावर गेली.

फुई उतारावर कवळ रचत होती. ऐनाच्या, हिरड्याच्या पाल्याच्या फांद्या माघातच तोडून वाळत घातलेल्या होत्या. त्यांचा थर, त्यावर शेण, वाळलेलं गवत, वरून माती. हा थर पेटवला की खालची जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राख मुरते, आणि पहिल्या धारेबरोबर तिथे भाताचं, नागलीचं रोप जोमाने उठतं. राब नसेल तर त्या उतारावर रोपापेक्षा तणच जास्त. हे शहाण्या लोकांनी पुस्तकातही लिहून ठेवलं आहे, पण पाड्यावर त्यासाठी पुस्तक उघडायची वेळ कधी आली नव्हती.

"आली का गं?" फुई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "कामाच्या दिवशी? काढलं का काय त्यांनी तुला?"

"मला नाही. तुला काढतायत."

हेमाने सगळं सांगितलं. फुईने ते शांतपणे ऐकलं आणि मग ती खो खो हसली. "नऊ कारखान्यांत माझा धूर? आगं, माझ्या चुलीचा धूर माझ्या घरातनं नीट भाईर जात नाय!"

"फुई, हसू नकोस. पट्टा जाईल."

फुईचं हसू थांबलं. ती खाली बसली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "द्राक्षं कवा तोडली त्यांनी?"

"जानेवारीत. शेवटचा तोडा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात."

"आन होळी कवा हाये?"

"पुढच्या सोमवारी."

"मंग? मी अजून राबाला काडी लावली का?" फुईने समोरच्या कोरड्या, न जळलेल्या थराकडे बोट केलं. "होळीच्या आदी कोन राब पेटवतं? होळीआदी ज्यानं पेटवला त्याच्या घरचं पानी पाडा पीत नाय. तुला ठावं नाय का?"

हेमाला ठाऊक होतं. चालायला लागल्यापासून ठाऊक होतं. आणि तरी जीपमधून वर येताना पूर्ण वाटभर ती एकच विचार करत होती, की फुईने या वर्षी राब लवकर का पेटवला असेल. स्वतःच्या माणसापेक्षा त्या खोक्यावर आपला भरवसा जास्त बसला, या विचाराने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग ते यंत्र तुझंच नाव का घेतं?" ती स्वतःशीच पुटपुटली.

"तूच दिलं असशील," फुई सहज बोलून गेली. "ते डबे नव्हते का नेले? इस डबे. मी नागलीच्या भाकरी केल्यावत्या, तू दोन जास्त खाल्ल्या."

हेमाला ते डबे आठवले.

चार वर्षांपूर्वी, यंत्र यायच्या आधीच्या चैत्रात, पुण्याच्या कंपनीने तिला सांगितलं होतं की डोंगरातल्या वीस वेगवेगळ्या जागांवरून राबाचा धूर बंद डब्यांत भरून आणा. यंत्राला शिकवायला नमुने हवेत. पाड्यावरची परवानाधारक मुलगी, तिच्याहून योग्य माणूस कोण? हेमा पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी फुईकडे आली. फुईचा राब पेटलेला होता, ताटात भाकरी होती, आणि बाकीच्या एकोणीस जागा चार डोंगरसोंडांपलीकडे होत्या. धूर तो धूर, असं मनाशी म्हणत तिने वीसही डबे त्या एका उतारावर भरले. लबाडी करायची म्हणून नव्हे. एवढ्या मोठ्या यंत्रात आपल्या फुईचं नाव जाईल, याचाच तिला आनंद झाला होता. म्हणून वीसही डब्यांवर तिने झोकदार अक्षरात लिहिलं, 'ठकूबाई गावित, पट्टा ४७'. संमतीच्या कागदावर फुईचा अंगठा घ्यायचा राहिला, तर तिथे 'करिता' लिहून स्वतःची सही ठोकून दिली.

आणि यंत्र तर शिकवलं तेवढंच शिकतं. त्याला दोनच गोष्टी माहीत होत्या: स्वच्छ हवा आणि ठकूबाई. त्यामुळे नाकात जळकं काही गेलं की ते ठकूबाईलाच हाक मारत होतं.

"मग यंदा खरा धूर कोणाचा?" हेमा म्हणाली, आणि प्रश्न तोंडातून निघताच तिला उत्तरही कळलं.

तोडा चालू असताना, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, उंबरवणीत द्राक्षमहोत्सव भरतो. मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, बागांच्या बांधावर तंबू पडतात. गेल्या सहा वर्षांपासून या महोत्सवाची शान म्हणजे शेगड्या. छाटणीच्या वाळक्या द्राक्षकाड्या पेटवून त्यांवर मासे, पनीर, कोंबडी भाजतात. यंदा शेगड्या चाळीस होत्या, सहा दिवस चालल्या, आणि त्यांच्या भोवती पिकलेली द्राक्षं वेलीवर लटकत होती. ही कल्पना मूळची हेमाच्या मालकांची, विलासदादा थेट्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. वीस डबे, करिताची सही, शेगड्या, काही म्हणून हातचं राखलं नाही.

दादा मनाने वाईट नव्हते. हेमाला नाशिकला राहायला खोली त्यांनीच बघून दिली होती. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी मागवलं आणि म्हणाले, "हेमाताई, हे तुमच्या-माझ्यात राहू द्या."

"आणि फुईचा पट्टा?"

"मी अध्यक्षांशी बोलतो. वयाचा विचार करून तीन वर्षांचं एक वर्ष करतील."

"दादा, तिने राब पेटवलेलाच नाही. धूर आपल्या शेगड्यांचा आहे."

"काड्यांचा?" दादांना मनापासून आश्चर्य वाटलं. "अहो, काड्यांचा धूर कसा असेल? तो तर सुगंध आहे! लोक पोस्टर बघून येतात त्यासाठी."

"वरचा पाला जळला की धूर आणि खालची काडी जळली की सुगंध?"

दादांचा चेहरा उतरला. त्यांनी उठून दार लोटलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही हे बोललात तर यंत्राचा दाखला रद्द होईल. वाइन धूरमुक्त असल्याचे चार वर्षांचे सगळे दाखले. नऊ वायनऱ्या बसतील. तुमचा परवाना तर त्याच दिवशी जाईल, तो परत मिळत नाही. ज्या नाकावर तुम्ही इथपर्यंत आलात, त्या नाकाला उद्या कोणी विचारणार नाही. नीट विचार करा."

"रात्रभर तेच केलं," हेमा म्हणाली. "आता करायचं नाही."

सुनावणी गुरुवारी दुपारी द्राक्षभवनात होती. लांबलचक टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष बोरस्ते, बाजूला नऊ वायनऱ्यांचे मालक, आणि दुसऱ्या टोकाला कंपनीची इंजिनियर मैत्रेयी लेले, गंधवेधसकट. पुढ्यात पुरावा म्हणून नऊ टाक्यांमधल्या वाइनचे नऊ पेले मांडले होते. समोर एका खुर्चीवर ठकूबाई, धुतलेलं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून बसली होती. एसीसाठी खिडक्या बंद होत्या.

बोरस्त्यांनी ठपके वाचून दाखवले आणि विचारलं, "ठकूबाई, तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

"मी राब पेटवला नाय," फुई म्हणाली. "होळी झाली की पेटवीन. ते मी लपवत नाय."

मालकांमध्ये खसखस पिकली. "यंत्र खोटं बोलतं का मग?" कोणीतरी म्हणालं.

"नाही बोलत," मागून हेमा म्हणाली, "त्याला मी खोटं शिकवलं आहे."

ती पुढे आली. तिच्या एका हातात लोखंडी घमेलं होतं, दुसऱ्या हातात द्राक्षाच्या वाळक्या काड्यांची मोळी. थेट्यांच्याच बागेतली. कोणाला काही कळायच्या आत तिने काड्या घमेल्यात मोडून टाकल्या, काडी ओढून त्या पेटवल्या आणि घमेलं यंत्राशेजारी ठेवलं. पहारेकरी धावला, पण मैत्रेयीने हात वर केला. ती जागची उठली होती. "थांबा," ती म्हणाली. "मला बघायचंय."

धुराची पहिली वेटोळी यंत्राच्या हवा ओढणाऱ्या जाळीत शिरली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अक्षरं आली: "धूर आढळला. स्रोत: ठकूबाई गावित, पट्टा क्रमांक ४७."

हेमाने खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि जाळीसमोर धरली. "धूर आढळला. स्रोत: ठकूबाई गावित." तिने बोरस्त्यांच्या टेबलावरचा कागद उचलला, ठपक्यांचाच, आणि त्याचा कोपरा जाळला. "स्रोत: ठकूबाई गावित."

"आगं बाय," फुई म्हणाली, "लईच काम केलं मी."

या वेळी मालकांपैकीही दोघं हसले. हेमाने मग डब्यांची गोष्ट सांगितली. भाकरी खाल्ल्या तेही सांगितलं आणि करिताची सही तेही. मैत्रेयी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. चार वर्षांत तिनेही ते वीस डबे उलटून पाहिले नव्हते, आणि तो भार तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

"चूक आमचीही आहे," ती शेवटी म्हणाली. "वीस नमुने एकाच पट्ट्यातले आहेत हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. हे ठपके टिकत नाहीत, साहेब."

बोरस्ते मुरलेले गृहस्थ होते. बाजी हातची जाताना पाहून त्यांनी आवाज एकदम मऊ केला. "ठीक आहे. ठपके रद्द. ठकूबाई, तुमचा पट्टा तुमच्याकडे. आता यंत्र दुरुस्त करू. या वेळी नीट. खोऱ्यातल्या शेगड्यांचा धूर घेऊ, आणि वरच्या सातही पाड्यांतल्या प्रत्येक राबाचा. एकूण एक. म्हणजे पुढच्या वर्षी नाव चुकायला नको. आणि हे काम हेमाताईंनीच करावं. पाड्यावर दुसऱ्या कोणाला दारात उभं करणार नाहीत. त्यांची चूक आपण पोटात घालू. परवाना राहील."

परवाना राहील, या शब्दांनी हेमाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने लपवलं नाही.

"फक्त एक," मैत्रेयी कागद चाळत म्हणाली. तिचा आवाज पडलेला होता. "नवीन नमुने येईपर्यंत जुने चालू ठेवावे लागतील, नाहीतर यंत्राला धूर म्हणजे काय तेच कळणार नाही. पण त्यावर ठकूबाईंची संमती नाही. नमुना ज्याचा, संमती त्याची, असा कायदा आहे. त्यांनी आज अंगठा दिला तर सगळं सुरळीत चालेल. नाही म्हणाल्या, तर मला तो धूर आत्ता, इथे पुसावा लागेल. आणि मग चार वर्षांचे दाखलेही पुसले जातील."

सगळ्यांचे डोळे ठकूबाईकडे वळले. ती हेमाकडे पाहत होती.

"मी नाय म्हनले तर हिचं काय?" तिने विचारलं.

"परवाना रद्द," बोरस्ते म्हणाले. "दाखले गेले तर ही चूक पोटात घालता येणार नाही. नाइलाज आहे."

फुईने एक क्षणही दवडला नाही. लुगड्याला पुसून अंगठा पुढे केला. "आना तुमची शाई. पोरगी दहा वर्सं घासली त्या कागदासाठी. येका धुराचं काय, उडूनच जातो."

शाईची डबी आली. अंगठा डबीत टेकणार, तोच हेमाने फुईचं मनगट धरलं.

"सोड गं," फुई पुटपुटली. "माजा पट्टा वाचला, तुजी नोकरी वाचली. आनखी काय पायजे?"

"आणि पुढच्या वर्षी?" हेमा म्हणाली. "पुढच्या वर्षी हे खोकं चुकणार नाही. तुझं नाव घेईल, जिवल्याकाकाचं घेईल, खालच्या पाड्यावरच्या यमुनाबाईचं घेईल. बरोबर नाव घेईल. आणि ते डबे घेऊन दारोदार फिरले असेन मी. त्यांच्या हातची भाकरी खाऊन." ती बोरस्त्यांकडे वळली. "साहेब, परवा खोटं नाव निघालं म्हणून मी इथं आले. खरं नाव काढून द्यायला येणार नाही."

"भावनेच्या भरात बोलू नका," बोरस्ते म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा असेल. शेगड्यांनाही."

"शेगडीवर ठपका पडला तर महोत्सव इकडचा तिकडे सरकेल. राबावर पडला तर बी पडणार नाही. हे सारखं कसं?" तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं. ते जरा केसांत अडकलं, तेव्हा तिने हिसडा देऊन सोडवलं आणि नऊ पेल्यांच्या शेजारी ठेवलं. "संमतीची सही माझी होती. ती मी मागे घेते. फुई, तू तुझं सांग. पण माझ्यासाठी म्हणून सांगणार असशील तर सांगू नकोस."

फुईने तिच्याकडे पाहिलं. मग तिने पुढे केलेला अंगठा मुठीत मिटला. "माजा धूर मला परत द्या," ती म्हणाली.

मैत्रेयीने कळफलक पुढे ओढला. यंत्राने विचारलं, खात्री आहे का? तिने होय म्हटलं. यंत्राने पुन्हा विचारलं. मालकांपैकी कोणीतरी "अहो मॅडम, अहो थांबा," म्हणत उठलं, पण तिने बटण दाबलं होतं.

घमेल्यातल्या काड्या तोवर चांगल्याच धुमसत होत्या. बंद सभागृह पांढुरकं झालं होतं. बोरस्ते रुमालात खोकत होते, मालकांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पहारेकरी खिडकीची कडी शोधत चाचपडत होता. आणि त्या सगळ्यात भिंतीवरच्या पडद्यावर, हिरव्या ठसठशीत अक्षरांत, गंधवेधने निकाल दिला: "धूर आढळला नाही. हवा स्वच्छ आहे."

फुईला हसू आवरेना. खोकता खोकता हसून तिचा जीव कासावीस झाला, आणि हेमा तिची पाठ चोळता चोळता स्वतःही हसू लागली.

मालकांच्या रांगेत विलासदादा थेटेही होते. ते उठले. टेबलावरचा सहा नंबरचा, स्वतःच्या टाकीतला पेला त्यांनी उचलला, जाऊन खिडकी सताड उघडली आणि मोकळ्या हवेत उभं राहून घोट घेतला. यंत्र यायच्या आधी हे काम ते स्वतः करत, आणि खोऱ्यात त्यांच्या जिभेला मान होता. त्यांनी घोट तोंडात घोळवला, गिळला आणि थांबले. पाठमोरेच होते, त्यामुळे चेहरा कोणाला दिसत नव्हता. अर्धं मिनिट गेलं, कदाचित थोडं अधिकच.

"काड्या आहेत," दादा म्हणाले. "आपल्याच."

बोरस्ते घाईघाईने कारकुनाकडे वळले. "हे नोंदवू नका. हे यंत्राने सांगितलेलं नाही."

"नोंदवा," हेमा म्हणाली. तिने तोच पेला दादांच्या हातून घेतला, उरलेला घोट संपवला आणि पेला टेबलावर ठेवला. "धूर आहे, आणि तो आपल्या शेगड्यांचा आहे. खाली माझं नाव घाला. पूर्ण घाला. हेमलता भोये, वरचा पाडा."